पास्कूच्या बिअरला फेस येईना

एका गावात एक भोळा नवरदेव होता. म्हणजे भोळा होता, नवरदेव व्हायचा होता. नाव पास्कू. गाव आमचंच, लपवून काय उपयोग?

आमच्याकडे रीत अशी, की मुलाने स्वतःच्या हाताने जवाची बिअर करायची आणि मुलीच्या बापाला पाजायची. बापाने पेला रिकामा केला की लग्न ठरलं. तोंड वाकडं केलं की मोडलं. पास्कूचा फिलूवर फार जीव. त्याने जव उकळले, गाळले, निवल्यावर बरणीत भरून खमीर घातलं. दोन दिवस झाले, एक बुडबुडा नाही. बिचारा घाबरला आणि बिअर करण्यात मुरलेल्या मार्ता मावशीकडे गेला.

"थंडी लागली असेल खमिराला," मावशी म्हणाली. "बरणीवर गोधडी घाल."

पास्कू घरी येतो तो काय, बरणी फसफसून उतू चाललेली. पण सांगितलंय म्हणजे सांगितलंय. त्याने बरणीवर दोन गोधड्या घातल्या. निम्मी बिअर गोधड्यांनीच प्यायली.

"अरे शहाण्या," मावशी म्हणाली, "फसफसतेय तेव्हा गार करायचं. ओलं फडकं गुंडाळून वाऱ्याला ठेवायचं."

"बरं."

दुसरी बरणी गारठ्याने गप्प बसली. पास्कूने तिला ओलं फडकं गुंडाळून वाऱ्याला ठेवलं. आठवड्याने झाकण काढलं, तर आंबट वास आणि वर बुरशी.

"बरणी धुतली होतीस?" मावशीने विचारलं.

"नाही. तू कुठे सांगितलंस?"

"बिअरला लागेल ती प्रत्येक वस्तू उकळत्या पाण्यातून काढ."

पास्कूने बरणी काढली, झारा काढला, गाळणं काढलं. खमीरही बिअरला लागतंच. तेही काढलं.

मावशीने कपाळाला हात लावला. "मारलंस की त्याला! जिवंत असतं रे ते. आधी कोमट साखरपाणी पाजायचं, पाव तास थांबायचं. फेस आला तर जिवंत. नाही आला तर मेलं म्हणून खुशाल समजायचं."

हे मात्र त्याच्या डोक्यात पक्कं बसलं. चौथी बरणी अशी झकास उतरली, की फिलूचे वडील जुझे मामा तीन पेले रिचवून म्हणाले, "ठरलं." आणि खुर्चीतच त्यांचा डोळा लागला.

पास्कूने हाक मारली. मामा ओ देईनात. पण आता तो काही पूर्वीचा पास्कू नव्हता. त्याने कोमट साखरपाणी केलं, चमच्याने मामांच्या तोंडात घातलं आणि घड्याळ घेऊन समोर बसला. पाव तास झाला. तोंडाला फेस काही येईना. पास्कू ढसाढसा रडला. मग डोळे पुसले आणि जाऊन चर्चची घंटा वाजवली.

आम्ही सगळे काळे कपडे घालून धावलो. फादर आले, फुलं आली, फिलूने हंबरडा फोडला. मामांचा श्वास चालतोय का, हे बघायचं एकाच्याही डोक्यात आलं नाही. पास्कूने खात्री केलीय म्हटल्यावर आम्ही काय बघणार?

एवढ्या रडारडीने मामांची झोप मोडली. "कोण गेलं रे?" त्यांनी विचारलं.

"तुम्हीच, मामा," पास्कू हुंदका आवरत म्हणाला. "पण फिलूची काळजी करू नका. तिला मी सांभाळीन."