तोट्यातलं मंगल कार्यालय

शेजारच्या सुनीती मगदूमचा घटस्फोट ठरला आणि वाटणीसाठी दोघांचे वकील तिच्याच दिवाणखान्यात बसले. मी विरजण मागायला गेले ती दारातच थबकले.

वाटे तिच्या नवऱ्यानं, श्रीपालरावांनी, स्वतःच पाडले होते. सुनीतीला बायपासजवळचे प्लॉट आणि त्यांना मंगल कार्यालय. हे कार्यालय सुनीतीनं राबून नावारूपाला आणलेलं, आणि त्या प्लॉटना तर धड रस्ताही नाही, हे सगळ्या गल्लीला ठाऊक.

"कार्यालय तोट्यात आहे," श्रीपालराव वकिलांना म्हणाले. "हिच्या गळ्यात ते लोढणं नको, म्हणून मी घेतोय. खरं तर हिचाच वाटा सरस आहे."

"एवढी वर्षं संसार केलाय, वकीलसाहेब," सुनीती शांतपणे म्हणाली. "यांचं नुकसान मला बघवणार नाही. सरस वाटा यांना द्या, लोढणं मी घेते."

तिचे वकील मिशीत हसले. श्रीपालरावांना प्लॉट वाईट म्हणायची सोय उरली नव्हती. शेवटी त्यांनी सही केली.

परवा भाचीच्या लग्नासाठी मी कार्यालयाची तारीख मागितली.

"काकू, मेअखेरपर्यंत एकही दिवस रिकामा नाही हो," सुनीती म्हणाली.

तारीख मिळाली नाही, तरी मी गल्लीतून ताठ मानेनं घरी आले.