पाचवा पाणवठा

माणसाने रानात अजून पाऊल टाकलं नव्हतं, तेव्हाची गोष्ट. रानाचा राजा दर पावसाळ्याआधी निवडला जाई. एक उमेदवार गाई-म्हशींचा, दुसरा शेळ्यामेंढ्यांचा. शेळ्यामेंढ्यांची रीत अशी, की आपला उमेदवार पाच पाणवठ्यांवर कौल घेऊन ठरवायचा, रोज एका पाणवठ्यावर, आणि सुरुवात कायम पहिल्यापासून.

पाचवा पाणवठा लांडग्यांच्या गुहेजवळ. तिथे बांडी नावाची म्हातारी शेळी राही. उमेदवारीला उभ्या राहिलेल्या ढवळ्या बोकडाला लांडग्यांशी कुजबुजताना तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. तिची एकच नात उरली होती. तिच्या जिवासाठी ढवळ्याला अडवायचं, म्हणून बांडी आपल्या पाणवठ्याच्या पाळीची वाट बघत बसली.

पहिल्या पाणवठ्याला ढवळ्याची शिंगं आवडली. दुसरा म्हणाला, "त्यांनी काहीतरी बघूनच निवडला असेल ना!" तिसरा आणि चौथा त्यांच्या मागोमाग गेले. पाचव्यावर ढवळ्या आला तो गळ्यात माळ घालूनच.

"आबा, हा लांडग्यांना मिळालाय!" बांडी ओरडली.

कळपाचा कारभारी आबा मेंढा हळूच म्हणाला, "असेलही गं बाई. पण चार पाणवठे झाले. आता फाटे फोडलेस तर म्हशींचा रेडा राजा होईल. चालेल तुला?"

बांडीने मान खाली घातली आणि ढवळ्यासाठी खूर उचलला.

ढवळ्या राजा झाला. महिन्याभरात लांडगे पाणवठ्यांवर निघाले, पण त्यांनी सुरुवात पाचव्यापासून केली. नातीला पोटाखाली ओढून घेत बांडी म्हणाली, "बघ पोरी, यंदा पहिला नंबर आपला."