पडलेल्यासाठी थांबलेली गाडी

पूर्वी माहिष्मती नगरीत सुबाहू राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने एका गाडीवानाच्या घरी जन्म घेतला. त्याचे नाव वेणुक. तांड्याबरोबर गाडी हाकायची, माल पोचवायचा आणि परत यायचे, हा त्याचा धंदा. त्याच्या गाडीत मालाखेरीज एक बोचके कायम असे. त्यात धुऊन उन्हात वाळवलेल्या कापडाच्या घड्या, लांब पट्ट्या आणि एक घोंगडी. बाकीचे गाडीवान चेष्टा करीत, "वेणुका, कुणाचं बाळंतपण काढायला निघालास रे?" तो नुसता हसे. मुक्कामाला पोचले की पाण्याने भरलेल्या एका जुन्या चामडी पखालीला तो भोक पाडी, पाणी उसळू लागले की समोर दिसेल त्याला बोलावी आणि म्हणे, "दाब. जोर लाव. मी सांगेपर्यंत हात उचलायचा नाही."

त्या खेपेला त्याच्या गाडीत सोमिलशेठ बसला होता. हस्तिदंताच्या फण्या विकणारा हा गृहस्थ मुलखाचा भित्रा. पाल चुकचुकली तरी दचके. वेणुकाने त्यालाही एकदा पखालीपुढे बसवले होते. सोमिलाने दोन क्षण दाबून "बाह्या भिजल्या बाबा" म्हणून अंग काढून घेतले होते.

वाटेत एक अरुंद खिंड लागे. तिथे सगळ्या तांड्यांचा एकच नियम होता: कोणी पडलेला दिसला तर थांबायचे नाही, बैल पळवायचे. कारण चोर आपलाच एक माणूस रस्त्यात लोळवत. तो कण्हे, विव्हळे, आणि कोणी दयेने खाली उतरले की झुडपांतून कुऱ्हाडी बाहेर पडत. तांड्याचा नायक कुंडल, त्याचा सख्खा भाऊ असाच उतरला होता. तो परत आला नाही. तेव्हा या नियमाला नावे कोण ठेवणार?

ऊन कलले असताना तांडा खिंडीत शिरला. वेणुकाची गाडी सगळ्यांत शेवटी होती. एकाएकी पुढे किंकाळी उठली, बैल उधळले आणि गाड्या धुरळा उडवीत सुसाट निघाल्या. धुरळा बसला तेव्हा रस्त्याच्या कडेला एक माणूस पडलेला दिसला. पुढच्या गाडीच्या आसाचे टोक लागून त्याची मांडी फाटली होती.

"वेणुका, हाक गाडी!" दूरवरून नायक ओरडला. "सोंग आहे ते!"

"नायक, रक्त उसळतंय हो!"

"कोंबडं कापून ओततात लेकाचे! हाक म्हणतो ना!"

वेणुकाने कासरा ओढला. बैल थांबले.

"शेठ, पुढची गाडी गाठायची तर आत्ताच पळा," वेणुक बोचके काढीत म्हणाला.

सोमिलाने पुढे पाहिले. दोन्ही बाजूंना गच्च झुडपे, मधून एकट्याने पळायचे. बाप रे! त्याला ते जमणारच नव्हते. तो खाली उतरला, तो दया आली म्हणून नव्हे. एकटे पडण्यापेक्षा वेणुकाजवळ राहणे त्याला कमी भयाचे वाटले, इतकेच.

वेणुकाने जखमेवर घडी ठेवली आणि दोन्ही तळव्यांनी दाबली. ती भिजली, तशी न काढता तिच्यावर दुसरी ठेवली. "रक्त आवरेपर्यंत याला हलवता यायचं नाही, आणि इथं गाडी वळत नाही," तो म्हणाला. "वरच्या माळावर वळवून आणतो, मग खिंडीखालच्या आश्रमात वैद्याकडे नेऊ. तोवर तुम्ही दाबा."

"मी? अरे, मला बैल हाकू दे!"

"बैल तुमचं ऐकायचे नाहीत."

"आणि ते आले तर?"

"आले तरी हात उचलू नका. उचललात तर हा जाईल."

काही होणार नाही, असे तो म्हणाला नाही. सोमिलाला तेच ऐकायचे होते.

घुंगरांचा आवाज लांब गेला. सोमिलाच्या तळव्यांखाली ऊन ऊन रक्त होते. हात भरून आले, घाम डोळ्यांत उतरला, पुसायची सोय नव्हती. पडलेल्या माणसाचे ओठ पांढरे पडले होते. ते हलले.

"शेठ, पळा. ते बघताहेत."

"कोण बघतंय?"

माणसाने डोळे झुडपाकडे वळवले. म्हणजे नायक खरेच बोलत होता!

"मेल्या, तू चोर आहेस होय रे!" असे म्हणून तो उठायला गेला. एक हात सुटला आणि बोटांमधून रक्त भळकन वर आले. सोमिल पुन्हा गुडघ्यांवर बसला, रडत रडत दाबू लागला. पळावेसे त्याला अजूनही वाटत होते. हात मात्र त्याने काढला नाही.

झुडपे हलली. एक धिप्पाड माणूस कुऱ्हाड घेऊन बाहेर आला. सोमिलाने डोळे गच्च मिटले.

"मारायचं तर मार," तो किंचाळला, "पण आधी इथं दाब! दोन्ही हातांनी दाब, मग मार मला!"

बराच वेळ काही झाले नाही. सोमिलाने डोळे उघडले. कुऱ्हाड जमिनीवर होती आणि तो माणूस शेजारी बसला होता.

"हा धाकटा भाऊ आहे माझा. वाचंल का?"

"मग इतका वेळ झुडपात काय करत होतास?"

"ओरडत होतो. थांबा, थांबा, माणूस मरतोय, म्हणून प्रत्येक गाडीला हाका मारल्या. तुमची सोडून एकही थांबली नाही. तुमचंही सोंगच वाटलं, म्हणून बाहेर आलो नाही." तो भावाकडे पाहत राहिला. मग हलक्या आवाजात म्हणाला, "थांबायचं नाही, हे त्यांना आम्हीच शिकवलं."

"पाय वर धर त्याचा," सोमिल म्हणाला. "आणि पाणी पाजू नकोस."

वेणुक गाडी घेऊन आला. घोंगडी अंथरली, जखमीला अलगद वर घेतले. आश्रमापर्यंत सोमिलाचे तळवे तिथेच होते; वैद्याने बोटे एकेक करून सोडवली, तेव्हा ती निघाली. तो माणूस जगला. त्या खिंडीत पुन्हा कोणी सोंग घेऊन झोपला नाही. तांडे मात्र पुढे कित्येक वर्षे न थांबता बैल पळवीतच राहिले.

एवढे सांगून शास्ते, भिक्षूंचे गुरू, म्हणाले, "भिक्षूंनो, त्या वेळचा फणीविक्या सोमिल म्हणजे हा भिक्षू उत्तिय. काल वाटेवर कोसळलेल्या यात्रिकापाशी हा थरथरत बसून राहिला, आणि तुम्ही त्याच्या थरथरण्याला हसलात. ते दोघे चोर भाऊ या जन्मी वेशीवर वाटसरूंना पाणी देतात. गाडीवान वेणुक मीच होतो. मला तयारी होती, सवय होती. याला दोन्ही नव्हत्या आणि भीती तर पुरेपूर होती. तरी याने हात उचलला नाही. भिक्षूंनो, अधिष्ठान, म्हणजे न ढळणारा निर्धार, म्हणतात ते हेच."