पंप कुठला बसवू?

"मेकॅनिकल की इलेक्ट्रिक, उस्ताद? एका शब्दात सांगा."

कासम होडेकर चहा पीत होते. बाणकोटच्या खाडीतल्या होड्यांची इंजिनं दुरुस्त करण्यात या माणसाची पन्नास वर्षं गेली. एका शब्दाहून फार जास्त त्यांनी कधी कुणाला काही सांगितल्याचं ऐकिवात नाही. बहुतेकदा ते तेवढंही सांगत नसत.

विचारणारा हरेश्वर पावसे. सात वर्षं उस्तादांच्या हाताखाली काढून यंदा त्याने स्वतःची होडी घेतली होती. होडी जुनी, इंजिन त्याहून जुनं. तोरा तेवढा नवाकोरा.

"फीड पंप गेलाय," तो म्हणाला. "टाकीतलं डिझेल इंजिनाला पोचवतच नाही. दोनदा बंद पडलं. काल तर खाडीच्या मुखावर, लाटा फुटतात तिथंच. होडीत चार माणसं होती."

"मग?"

"खडक हातभर राहिला होता." त्याचा आवाज जरा खाली आला. "उद्या सकाळी पुन्हा जायचंय. तेच चौघं येणार आहेत, माझ्या भरवशावर."

उस्तादांनी कप खाली ठेवला.

"पंप गेला, हे कुणी सांगितलं?"

"अर्धा तास चालतं, मग डिझेलच येत नाही. थोडं थांबलं की पुन्हा चालतं. पंपाशिवाय दुसरं काय असणार? सात वर्षं तुमच्याकडे काय माशा मारत होतो?"

"...बरं."

"मेकॅनिकल घातला तर इंजिन फिरेल तसा तो फिरेल, वायरींची भानगड नाही. इलेक्ट्रिक घातला तर बटण दाबलं की काम, आणि ओढही जोराची. गफूरच्या होडीला तुम्हीच बसवलात."

"बसवला."

"मग मलाही तोच?"

"इंजिन चालू कर. दोर सोडू नकोस. गिअरमध्ये ठेव."

होडी धक्क्याला बांधलेलीच. इंजिन धडधडू लागलं, दोर ताणले गेले. उस्ताद काठावर बसून राहिले. दहा मिनिटं... वीस... हरेश्वर तीनदा काहीतरी बोलायला गेला. तिन्ही वेळा उस्ताद खाडीकडे बघत राहिले.

पस्तिसाव्या मिनिटाला इंजिन खोकलं, दोन आचके दिले आणि बंद पडलं.

"बघितलंत?" हरेश्वर ओरडला. स्वतःचं इंजिन बंद पडल्याचा एवढा आनंद त्या धक्क्यावर आजवर कुणाला झाला नसेल.

उस्ताद होडीत उतरले. पंपाला बुडाशी एक छोटा दांडा असतो, हाताने डिझेल चढवायला. त्यांनी हरेश्वरचा अंगठा धरला आणि त्या दांड्यावर ठेवला.

"दाब."

"...जड लागतोय."

"जो पंप ओढतच नाही, तो जड लागेल?"

हरेश्वरने पुन्हा दाबून बघितलं.

"अंगठा काढू नकोस."

उस्तादांनी टाकीचं झाकण सैल केलं. बाहेरची हवा फस्सकन आत शिरली.

"आता?"

दांडा एकदम हलका झाला होता. डिझेल चढतंय, हे अंगठ्यालाच कळत होतं.

हरेश्वरचं तोंड उतरलं. टाकीतून जेवढं डिझेल जातं, तेवढी हवा आत यावी लागते. त्यासाठी एक बारीक नळी होडीच्या बाहेरच्या अंगाला काढलेली असते. हे त्याला ठाऊक होतं. दुसऱ्यांना तो मोठ्या रुबाबात शिकवायचाही.

तो कडेवरून वाकला. नळीचं तोंड दिसेना. निळ्या रंगाखाली एक उंचवटा तेवढा बोटांना लागला.

"रंग कुणी दिला?"

"...मीच. तीन हात दिले."

"छान बसलाय."

हरेश्वर स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने रंग खरवडत राहिला. त्याला इतकी लाज वाटत होती, की वर बघवेना.

"इलेक्ट्रिकने जोरात ओढलं असतं," तो पुटपुटला.

"ओढलं असतं. धक्क्यावर चाललं असतं, मुखावर बंद पडलं असतं."

हरेश्वरचा हात थांबला. कालचा खडक आणि ते चौघं त्याच्या डोळ्यांपुढे आले.

नळी मोकळी झाली. झाकण घट्ट बसवलं. इंजिन पुन्हा सुरू झालं आणि या वेळी तासभर एका सुरात चाललं.

"उस्ताद, उद्या जाऊ?"

"जा. इंजिन चांगलं आहे."

ते धक्क्यावर चढून चालू लागले. हरेश्वर मागून धावत आला.

"पण पंप म्हातारा झालाय, उस्ताद. आज ना उद्या बदलावा लागेलच. तेव्हा कुठला बसवू?"

उस्ताद वळलेही नाहीत.

"जो बंद पडल्यावर तुला आधी स्वतःचा संशय येईल, तो."