शेवूच्या चहातली साखर

संत्र्याची एक मोठी हिरवीगार बाग होती. बाग दुसऱ्याची, तिच्या कोपऱ्यातलं इवलंसं खोपटं मात्र राखणदाराचं. त्या राखणदाराची लेक शेवंता. लाडानं सगळे तिला शेवू म्हणायचे. शेवूच्या फ्रॉकला लाल-पिवळी ठिगळं होती, पायात चप्पल नव्हती. त्याचं तिला काही वाटायचं नाही. तिला वाटायचं ते एकाच गोष्टीचं. तिच्या वाट्याची आईची मांडी गेली होती.

मांडीवर आता बाळ आलं होतं. गोरंगोमटं, गुबगुबीत. दादा, म्हणजे शेवूचे वडील, त्याला राजा म्हणायचे.

"राजा म्हणे!" शेवू पुटपुटायची. "तोंडात एक दात नाही, आणि राजा!"

ती मांडीजवळ सरकली, की आई लगेच म्हणायची, "हळू गं बाई! धक्का लागेल त्याला." मग शेवूच्या पोटात बाभळीचा काटा टोचल्यासारखं व्हायचं. ती रुसून मागच्या पायरीवर जाऊन बसायची.

मागे कडुलिंबाच्या ढोलीत मधमाश्यांचं पोळं होतं. ऊन तापू लागलं होतं, संत्र्याचा बहार कधीच झडून गेला होता. बिचाऱ्या सोनुल्या माश्या फुलं शोधून शोधून थकायच्या आणि पायरीवर टपकन पडायच्या.

"तुझ्याकडेही कुणी बघत नाही का गं?" शेवूनं एकीला विचारलं.

तिनं वाटीत साखरेचं पाणी करून ठेवलं. पण वाटी खोल! माशी प्यायला वाकली आणि बुडाली. शेवूनं तिला पटकन पानावर काढलं, फुंकर घालून तिचे पंख वाळवले. तेव्हापासून ती डब्याच्या उथळ झाकणात पाणी ठेवायची आणि वर केरसुणीच्या काड्या टाकायची. माश्या काड्यांवर बसून इवल्या इवल्या जिभांनी पाणी प्यायच्या. साखर कुठली? शेवूच्या चहातली. ती आपला चहा रोज फिकाच प्यायची.

एके दिवशी बाळाच्या वाळत घातलेल्या दुपट्यावर एक माशी बसली. आई किंचाळलीच.

"अहो, माझ्या बाळाला चावली तर? सकाळी धूर करा आणि ते पोळं उठवा!"

"सगळं त्याच्यासाठीच!" शेवू ओरडली. "माश्यासुद्धा त्याच्यासाठी हाकला!"

सकाळ झाली. दादा ओला पाला गोळा करू लागले. शेवू रडत रडत बागेत पळाली. एका झाडावर चुकार फूल उरलं होतं, पांढरंशुभ्र. ते लुकलुकलं, उमललं, आणि आतून बोटाएवढी परी बाहेर आली. तिचा परकर मधाच्या रंगाचा, पंख दवासारखे चमचमणारे.

"शेवू, माझ्या दमलेल्या लेकींना तू पाणी पाजलंस," परी म्हणाली. "माग काय हवं ते. पण एकदाच मागायचं. आणि दुसऱ्याच्या वाट्याचं मागायचं नाही."

शेवू क्षणभरही थांबली नाही. "आईची मांडी!"

"ती आता बाळाच्या वाट्याला आहे गं."

"मग बाळालाच मामाकडे पाठव!"

"आईच्या वाट्याचं बाळ मी कसं नेऊ?"

शेवूनं रागानं पाय आपटला. तेवढ्यात खोपट्यामागून धुराची पहिली रेघ वर चढली. शेवूनं डोळे पुसले. नवा फ्रॉक मागता आला असता, चप्पलही मागता आली असती.

"माझ्या माश्यांना दुसरं घर दे," ती म्हणाली. "लांब. फुलं असतील तिथं. आणि बाळबिळ काही नसेल तिथं!"

परी खुदकन हसली. तिनं हात हलवला. ढोलीतून माश्यांचा सोनेरी झोत उठला आणि शेवूच्या डोक्यावरून, कानांवरून, ठिगळांवरून गुणगुणत ओढ्याकडे निघाला. तिथलं रिकामं वारूळ हे त्यांचं नवं घर, आणि त्याच्याभोवती रानफुलं फुलली होती.

"शेवू!"

आईनं दारातून ते पाहिलं. लेक माश्यांनी झाकून गेली होती! बाळाला झोळीत टाकून ती अनवाणी धावत आली. मातीतच बसकण मारून तिनं शेवूला मांडीवर ओढलं.

"कुठं चावली? दाखव! हात दाखव. मान दाखव. माझी बाय गं ती!"

"कुठंच नाही," शेवू म्हणाली.

झोळीत राजानं भोकाड पसरलं. आई उठली नाही. शेवूची बोटं एकेक करून तपासतच राहिली.

"आई, तो रडतोय."

"रडू दे जरा. दादा आहेत."

शेवूनं ते रडणं मन भरेस्तोवर ऐकलं. काय गोड वाटलं तिला! मग मात्र आवाज फारच चिरका झाला, आणि तिला राहवेना.

"दादांना म्हण, आणा त्याला इकडे," ती म्हणाली. "माझ्या मांडीवर द्या. ही तुझी मांडी मात्र माझी आहे, मी उठायची नाही."

आई हसली. तिच्या खांद्यावरून शेवूनं वर पाहिलं. परी हात हलवत होती. बघता बघता तिचा परकर उन्हात मिसळला, पंख उन्हात मिसळले, आणि झाडावर नुसता लख्ख सोनेरी उजेड उरला.