माल इथला की बाहेरचा?

सोलापुरात दिगंबरशेठचा शाळेच्या गणवेशांचा कारखाना होता. तिथं शिलाई करणाऱ्या चाळीस बायका तेलंगणातून आलेल्या. त्यांना नगामागे स्थानिक बायकांपेक्षा कमी दर मिळायचा. त्यांच्यातली यादम्मा सगळ्यांना एकत्र करून सारखा दर मागायला गेली, तेव्हा शेठ हसून म्हणाले, "तुम्ही बाहेरच्या. बाहेरच्यांना बाहेरचाच दर!"

यादम्मा परतली, पण तो शब्द तिला सलत राहिला.

पुढच्याच आठवड्यात शाळांच्या खरेदी समितीची बैठक होती. परराज्यातले स्वस्त गणवेश घ्यायचे की शेठचे, हे ठरायचं होतं. ऑर्डर गेली असती तर कारखान्याला टाळंच लागलं असतं, म्हणून शेठनी सगळ्या कामगारांनाही आणून बसवलं होतं. छातीवर हात ठेवून ते म्हणाले, "दोन पैसे जास्त मोजा, पण इथल्या हातांनी शिवलेला इथला माल घ्या!"

टाळ्या थांबल्यावर यादम्मा उठली. आवाज खणखणीत होता.

"शेठचं खरंय, माल इथलाच घ्या. पण निम्मे गणवेश आम्ही तेलंगणातल्या बायका शिवतो, आणि 'बाहेरच्या' म्हणून आम्हाला दर कमी मिळतो. मग शेठ, हा माल इथला की बाहेरचा?"

बाहेरचा म्हणावं तर ऑर्डर हातची जाणार. शेठनी घाम पुसला. "इथलाच."

"मग आमचे हातही इथलेच. दरही इथलाच लावा."

समितीच्या अध्यक्षा कुमुदताईंनी करार पुढं ओढला. "ऑर्डर तुम्हालाच, शेठ. फक्त बाईंचं म्हणणं पहिल्या कलमात लिहा."

शेठनी मुकाट्यानं सही केली आणि त्या महिन्यापासून चाळीसही जणींना सारखा दर मिळू लागला.