तांब्याची साळुंकी

एका राज्यात रीत होती. जग सोडून जाणाऱ्या माणसाने आपला शेवटचा निरोप साळुंकीच्या कानात सांगायचा, आणि साळुंकीने वर्षभर तो ज्याचा त्याला पोचवायचा. राणी गेली तेव्हा तिची साळुंकी उडाली, महालाला एक फेरी घातली आणि बसली कुणाच्या खांद्यावर? तर चार वर्षांच्या भद्रसेनाच्या! नाव एवढं भारदस्त आणि स्वारी दीड वीत.

थोरली कुमुदिनी अकरा वर्षांची. आईच्या उशाशी सात दिवस पंखा तिने ढाळला होता, आणि तिच्या वाट्याला निरोपाचं एक अक्षर नाही! रोज सकाळी साळुंकी भद्रसेनाच्या कानात काही सांगे. तो धावत येई, "ताई, ऐक ना," म्हणे, आणि कुमुदिनीच्या अंगाचा तिळपापड होई.

"जा, तुझ्या पाखराशी बोल," ती म्हणे.

एके दिवशी तिला राहवेना. तिने साळुंकी पकडली, पेटीत कोंडली, वर कुलूप घातलं. "आता माझ्याशी बोल!" पेटीतून चकार शब्द नाही. उघडून बघते तर साळुंकी तांब्याची झालेली. त्याच घटकेला अंगणात भद्रसेनाची वाचा गेली. तोंड उघडे, शब्द फुटेना.

राजाचे वैद्य थकले. कुमुदिनी भ्याली, कुणाला काही सांगितलं नाही, पेटी उचलली आणि मांत्रिक वज्रदंताचं रान गाठलं. त्याची सावली त्याच्यापुढे दोन पावलं चालत असे.

"तीन वस्तू मिळव," मांत्रिक म्हणाला. "जळत्या विहिरीतलं गार पाणी साळुंकीवर शिंपड. राक्षसिणीच्या लेकीचा केस पाखराच्या पायात बांध. तिसरी वस्तू भावाला दे. तुझ्या आईचं असं काही, जे तुझ्याजवळ आहे, त्याच्याजवळ नाही. वर्ष सरलं तर मुलगा कायमचा मुका."

"माझ्याजवळ? सगळं तर त्यालाच मिळालं!"

"ते तू शोध."

विहिरीत ज्वाळा उसळत होत्या. आतल्या मगरीने विचारलं, "पोरी, जास्त आग कुणाच्या पोटात? माझ्या की तुझ्या?"

"माझ्या," कुमुदिनी म्हणाली. खरं बोलली म्हणून मगरीने ज्वाळा बाजूला सारल्या आणि कमंडलू भरून दिला.

नदीकाठी राक्षसीण लेकीची वेणी घालत होती. केस ओढला की लेक किंचाळे, आई धपाटा घाली, मग तिच्या डोक्यावर ओठ टेकी. कुमुदिनीला त्या हिरव्या, सुळेवाल्या पोरीचाही हेवा वाटला. ती म्हणाली, "माझी आईपण अशीच ओढायची."

"आधी रडून घे," राक्षसीण म्हणाली, "मग केस ने."

आई गेल्यापासून कुमुदिनी पहिल्यांदा रडली.

परतताना ती तिसरी वस्तू आठवू लागली. आईची शाल? ती राजाने दोघांना अर्धी अर्धी वाटली होती. कंगवा? तो भद्रसेनाच्या उशीखाली. मग वेणी आठवली. वेणी घालताना आई गाणं म्हणे आणि दुसऱ्याच ओळीला चुके. हे त्या चिमुरड्याला कुठलं ठाऊक? हे फक्त माझं! क्षणभर तिला भारी आनंद झाला. दुसऱ्या क्षणी उमगलं, द्यायचं आहे ते हेच. ती वाटेतच बसली. साळुंकी त्याची, आता हेही त्याचं? मग माझ्यापाशी उरणार काय? बराच वेळ बसली, शेवटी उठली.

घरी तिने पाणी शिंपडलं, साळुंकीच्या पंखांना रंग आला. केस बांधला, डोळे उघडले. पण उडेना.

"भद्र, ऐक," कुमुदिनी कशीबशी म्हणाली. "आई गाताना दुसरी ओळ चुकायची. खीर करपली की बाबांनाच वाढायची. वीज कडाडली की भ्यायची आणि मोठमोठ्याने पाढे म्हणायची."

भद्रसेन खुदकन हसला. चांगला आवाज करून हसला! साळुंकी भुर्रकन त्याच्या खांद्यावर बसली. आणि नवल असं, सांगून कुमुदिनीचं काही कमी झालं नव्हतं.

"ती काय सांगते रे तुला?" तिने विचारलं. अजून थोडं खुपत होतंच.

"रोज एकच. तेच तर करायला येत होतो तुझ्याकडे."

साळुंकीने मान वळवली आणि आईच्या आवाजात म्हणाली, "मी कशी होते, ते ताईला विचार."

कुमुदिनीने भावाला मांडीवर ओढून घेतलं. "विचार," ती म्हणाली.

वर्ष भरलं, साळुंकी रानात उडून गेली. भद्रसेनाचे प्रश्न मात्र अजून संपलेले नाहीत.